हरलेल्याने सांगायचं

मंगळवार, ४ तारीख

प्रिय इस्क्रू,

तू अपक्ष म्हणून अर्ज भरलास. निवडणूक कचेरीने आज दुपारी फलकावर नावं लावली तेव्हा ते कळलं, आणि तासाभरात तुझ्या बायकोने, अर्धं तोंड बधिर असताना, दवाखान्याच्या खुर्चीत पडल्या पडल्या मान हलवून दुजोरा दिला. 'हो' म्हणायचा तिने प्रयत्न केला, पण ओठ वळेना. तुझे भावोजी म्हणाले, "बोलू नका, जीभ चावाल." मग तिने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा मान हलवली. म्हणजे बातमी पक्की.

हे मी वर, घरात बसून लिहिते आहे. खाली दवाखान्याच्या बाकावर ती गालाला रुमाल लावून बसली आहे. बधिरपणा उतरेपर्यंत घरी जायचं नाही, असं भावोजींनी तिला बजावलंय. एवढं काही नसतं खरं तर, पण मला कागद भरायला वेळ मिळावा म्हणून. तू माझा फोन उचलत नाहीस, आणि फोनवर बोलावं असे दिवसही राहिले नाहीत. दाढ मुळापर्यंत किडली आहे. रूट कॅनाल करावं लागेल, तीन-चार खेपा तरी होतील. तेव्हा तिच्या दाढेच्या कृपेने तेवढी पत्रं तुला माझ्याकडून येणार. तुमच्या गेटवाल्यांपैकी कुणी विचारलंच तर औषधाची चिठ्ठी आहे म्हण.

बाहेरून तुला जे कळलं असेल ते अर्धंमुर्धं असेल, म्हणून नीट सांगते. रविवारी पक्षाच्या समितीत ठराव मंजूर झाला. मधल्यांच्या पक्षाशी युती. ते बसचं भाडं वाढवणार नाहीत. बदल्यात आपण वर्कशॉपला हरकत घ्यायची नाही. डेपोतलं दुरुस्तीचं सगळं काम कराराने एका कंपनीकडे जाणार. बसगाड्या शहराच्या, पाने-हातोडे कंपनीचे. तुझे हात कुणाचे, ते ठरावात लिहिलेलं नाही.

मी विरोधात बोलले. म्हटलं, जी गोष्ट वाचवायला लोक आपल्याला मत देतात तीच देऊन टाकली, तर ते पेटीत आपल्यासाठी काय टाकणार? आशीर्वाद? सचिव कधी आवाज चढवत नाहीत, तुला माहीत आहे. ते म्हणाले, "ताई, शिस्तवाले निवडून आले तर वर्कशॉपही जाईल आणि त्यावर वाद घालायची ही खोलीही जाईल. आधी जीव, मग जाहीरनामा." हात वर झाले. मी हरले. थोडक्यात हरले, पण थोडक्यात हरलेल्याला वेगळी खुर्ची नसते.

आणि आपला नियम तू विसरला नसशील. हरलेल्याने सांगायचं. ठरावाला ज्याने विरोध केला त्यानेच तो लोकांपुढे मांडायचा. हा नियम घालून देणाऱ्या अध्यक्षीणबाई म्हणायच्या, जिंकलेला माणूस ठराव गाऊन दाखवतो. तो कुठे टोचतो ते हरलेल्यालाच माहीत असतं. तूही एकदा हरला होतास. संप मागे घ्यायचं भाषण ड्रायव्हरांपुढे तूच केलंस, आणि घरी येऊन ताटावरून उठलास. आता माझी पाळी. शुक्रवारी, १४ तारखेला, दुपारची पाळी बदलताना डेपोच्या गेटवर.

अर्ज मागे घे, इस्क्रू. १९ तारखेपर्यंत घेता येतो.

तुझ्या-माझ्या धोरणात फरक तो काय? तू म्हणतोस, बस फुकट करा आणि मोकळ्या पडलेल्या मोठ्या भूखंडांवर कर लावून पैसा उभा करा. मी म्हणते, भाडं अर्धं करा आणि तोच कर टप्प्याटप्प्याने लावा. ह्या अर्ध्या भाड्यापायी दोन वर्षं तू आमच्या घराची पायरी चढला नाहीस. भर अधिवेशनात म्हणालास, "ताईचं अर्थशास्त्र फळ्यावर चालतं, डेपोत त्याचं पंक्चर होतं." लोक हसले. वाक्य चांगलं होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते. पण आपल्या वॉर्डात मतं दोन ठिकाणी फुटली की शिस्तवाला निवडून येतो. ह्याला अर्थशास्त्र लागत नाही, बेरीज पुरते.

बाकी इकडे ठीक. भावोजींनी दाराला नवी कडी बसवली, जुनी सैल झाली होती. समोरच्या बसथांब्यावर हल्ली एक करड्या जाकिटातला माणूस उभा असतो. बस येतात, जातात, तो चढत नाही. आई म्हणते, "दात दाखवायला आला असेल बिचारा, धीर होत नसेल." मी म्हटलं, असेल.

— ताई

सोमवार, १० तारीख

प्रिय इस्क्रू,

अनुस्वारकाका परत आले आहेत. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आज सकाळी आपल्या साप्ताहिकाच्या कचेरीत त्यांच्यासमोर बसून आले.

ते नाहीसे झाले होते हे तुला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. आम्ही छापलं नाही. काका शनिवारी संध्याकाळी मुद्रितं तपासून घरी निघाले, तर कोपऱ्यावर एक गाडी थांबली, दोघांनी त्यांना प्रेमाने आत बसवलं. 'प्रेमाने' हा शब्द त्यांचा. गाडी शहराबाहेर गेली. तिथे त्यांचे बूट काढून घेतले, चष्मा काढून घेतला आणि सोडून दिलं. मारलं नाही. काका त्या वयात रस्त्याच्या कडेकडेने अनवाणी चालत आले. पायांना पट्ट्या आहेत. तरी आज येऊन बसले आणि भिंग घेऊन पानं तपासायला लागले. मी म्हटलं, "काका, घरी जा." तर म्हणाले, "घरी बायको रडते. इथे निदान शुद्धलेखन तरी बरोबर करता येतं."

गाडीत त्यांना एकच प्रश्न विचारला. बसभाड्यावर लिहिणारी बाई कुठे राहते?

काका म्हणतात, त्यांनी सांगितलं नाही. मी विश्वास ठेवते. पण चष्मा नसल्यामुळे ते बोलताना माझ्याकडे बघतात की माझ्या खांद्यावरून पलीकडे, ते मला कळलं नाही.

तुझा निरोप तुझ्या बायकोने खुर्चीत बसण्याआधीच दिला. "ते म्हणाले, गेटवर ये म्हणावं, बघू." मी विचारलं, "बघू म्हणजे?" ती म्हणाली, "ताई, ते मला तरी कधी सगळं सांगतात का? घरी जेवताना सुद्धा भाषणाची रंगीत तालीम चालते. परवा मी मीठ मागितलं, तर कर कसा वसूल करायचा ते सांगितलं." आम्ही दोघी हसलो. मग भावोजींनी तिला तोंड उघडायला सांगितलं आणि तिने माझा हात घट्ट धरला. दाढ दुखत नव्हती, इस्क्रू. सुई टोचायच्या आधीच धरला होता.

तुझ्या दारातही कुणी उभं असतं का? ती सांगत नाही. मीही इथलं तिला सांगत नाही. आम्ही दोघी फक्त दाढेबद्दल बोलतो.

भाषणाची तयारी करते आहे. आईला समोर बसवलं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे श्रोता म्हणून उत्तम. चुकीच्या जागी टाळ्या वाजवत नाही. युतीची सगळी बाजू मांडली. भाडं गोठलं तर रोज बसने जाणाऱ्या माणसाच्या हातात काय उरतं, शिस्तवाल्यांच्या जाहीरनाम्यात युनियन हा शब्द कुठे येतो आणि कशाच्या शेजारी येतो, सगळं. संपल्यावर म्हणाली, "तुला खोटं बोलायला जमत नाही गं. लहानपणी त्यासाठीच मार खायचीस. इस्क्रू खोटं बोलून सुटायचा." मी म्हटलं, "ह्यात खोटं काहीच नाही, आई." ती म्हणाली, "मग असं बोल ना, कोणीतरी मानेवर बसल्यासारखं का बोलतेस?"

बघ, ऐकू येत नाही म्हणते.

मी गेटवर येणार. तुझ्या माणसांनी आरडाओरडा केला तरी चालेल. तो आपल्या पद्धतीत बसतो. पण एक सांगून ठेव त्यांना. भोंगाला विशेष सांग, तो आधी ओरडतो आणि मग ऐकतो. गर्दीत करडं जाकीट दिसलं तर त्याच्या आणि माझ्या मध्ये कोणीतरी उभं राहायचं. कारण काही नाही. उन्हात त्या माणसाकडे बघून मला बोलणं सुचत नाही, एवढंच.

पत्रात घाबरल्यासारखं वाटत असेल तर तसं नाही. पेन सारखं अडतंय.

— ताई

शनिवार, १५ तारीख

प्रिय इस्क्रू,

मला काही झालं नाही, हे तू स्वतःच पाहिलंस. जुन्या टायरांच्या ढिगाजवळ भिंतीला टेकून उभा होतास. हाताची घडी, तोंडात काडी. ती सवय गेली नाही म्हणायची. सभा संपायच्या आत निघून गेलास. म्हणून काल तिथे काय झालं ते मी तुला माझ्या बाजूने सांगते, कारण कालपासून मला ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. समितीत सगळे माझी पाठ थोपटताहेत.

तुझ्या भोंगाने सुरुवात जोरात केली. "या ताई, या! वर्कशॉपच्या तेराव्याला आलात का?" सगळे हसले. मी स्टुलावर चढले, ते डगमगलं, तर पहिल्या रांगेतल्या कंडक्टरबाईंनी ते पायाने दाबून धरलं आणि म्हणाल्या, "बोला तुम्ही. पडलात तर आमच्याच अंगावर पडाल." तिथपर्यंत सगळं आपल्या जुन्या सभेसारखं होतं.

नियमाप्रमाणे आधी टोचणारी बाजू सांगितली. वर्कशॉप जाणार, हे पहिलंच वाक्य. भोंगा ओरडायचा थांबला. त्याला वाटलं असणार, मी ते शेवटी आणीन, साखरेत घोळवून. मग भाड्याचं सांगितलं. लोक ऐकत होते, पण तोंडं दगडासारखी. कुणीतरी म्हणालं, "आमचं पोट कापून आमचंच तिकीट स्वस्त!" बरोबर होतं ते. समितीत मी तेच म्हणाले होते, थोड्या लांब वाक्यात.

आणि तेव्हा मला करडं जाकीट दिसलं. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, मोटरसायकलला टेकून. तो फक्त ऐकत होता. माझ्या तोंडातून तयारी केलेलं सगळं पळालं, आणि मी अनुस्वारकाकांबद्दल बोलायला लागले.

ते भाषणात नव्हतं. मी त्यांचे बूट सांगितले, चष्मा सांगितला, भिंग सांगितलं. म्हटलं, आज एका म्हाताऱ्याचे बूट गेलेत. ते कुणी घेतले हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुठे छापून आलेलं नाही, कारण छापणारे आम्हीच आणि आम्हीच गप्प बसलो. निवडणुकीनंतर ते येतील तेव्हा बुटांवर थांबणार नाहीत. तुमच्यातल्या कोणाच्या घरापुढे गाडी थांबते, ते मला विचारू नका. तुम्ही एकमेकांना विचारा.

असं गप्प झालेलं डेपोचं गेट मी कधी पाहिलं नव्हतं. आत कुठेतरी एका बसचं इंजिन चालू होतं, तेही कुणीतरी बंद केलं. कंडक्टरबाईंनी स्टुलावरचा पाय आणखी घट्ट दाबला. आणि मला कळलं की आता मी सांगीन ते ही माणसं करतील.

भोंगाने विचारलं. इतक्या हळू की आधी मला वाटलं दुसराच कोणी बोलतोय. "ताई, पण वर्कशॉप कधी परत मिळेल का आम्हाला?"

मी म्हटलं, "मिळेल. दोन वर्षांनी करार फिरवता येतो, तशी सोय ठेवली आहे."

सचिवांनी मला सकाळीच तसं सांगितलं होतं. त्या एका वाक्याने लोकांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. भोंगाने टाळी वाजवली. मी वर पाहिलं तर टायरांजवळ तू नव्हतास.

इस्क्रू, आजवर मी हजार भाषणं केली असतील. संध्याकाळच्या कॉलेजात तर रोजच करते, निम्मी मुलं कामावरून थकून येतात आणि डोळे उघडे ठेवून झोपतात. कुणाला काही पटवून दिल्याचं मला आठवत नाही. काल पटवलं. जे मला स्वतःला पटलेलं नाही ते. आणि आकड्यांनी नाही पटवलं, बुटांनी पटवलं. ह्याचा आनंद व्हावा का, ते मला कळत नाही. घरी आल्यावर भावोजींनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "तुला विश्रांतीची गरज आहे." दातांचे डॉक्टर ते, रक्तदाबावर त्यांचं एकच औषध, विश्रांती.

तुझी बायको आज मापाला आली आहे. पुढच्या खेपेला दाढेवर टोपी बसली की संपलं. तू काय ठरवतो आहेस, ते तिच्याकडून मला कळव. मी अजूनही म्हणते, मागे घे. पण पहिल्या पत्रात म्हणत होते तितक्या जोरात म्हणत नाही, हेही लिहून ठेवते.

आईने आज विचारलं, "तो जेवतो का नीट?" मी म्हटलं, "काडी चघळत होता." ती म्हणाली, "म्हणजे जेवत नाही."

— ताई

मंगळवार, १८ तारीख

प्रिय इस्क्रू,

तू उद्या अर्ज मागे घेणार आहेस. भोंगाने काल समितीच्या कचेरीत येऊन सांगितलं, आणि आज खुर्चीत बसता बसता तुझ्या बायकोनेही. ती म्हणाली, "ते म्हणाले, ताईने गेटसमोर शब्द दिलाय, दोन वर्षांचा. ताई खोटं बोलत नाही."

हे वाचून मग काय ते ठरव. दोन वर्षांनी करार फिरवता येत नाही. दोन नाही, दहा नाही. तशी सोय त्यात नाही आणि कधीच नव्हती.

मला काल कळलं. साप्ताहिकात करारावर लेख द्यायचा होता, म्हणून मी सचिवांकडे त्याची प्रत मागितली. ते म्हणाले, उद्या. मग म्हणाले, परवा. ते असं कधी करत नाहीत. मी कचेरीच्या जिन्यात त्यांना गाठलं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सांगून टाकलं. मधल्यांनी ती सोय पहिल्याच बैठकीत उडवली, सचिवांनी मान्य केलं, समितीला सांगितलं नाही.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

ते म्हणाले, "तुमच्या तोंडूनच लोकांनी मानलं असतं. माझ्या तोंडून नाही."

"का केलंत?"

तेव्हा ते पायरीवर बसले, इस्क्रू. सगळा जन्म ताठ बसलेला माणूस, जिन्याच्या पायरीवर बसला आणि भिंतीला हात लावून म्हणाला, "ताई, माझ्या मुलीला शाळेतून आणायला जो माणूस गेला होता, तो आमच्यापैकी नव्हता. तिला घरी सोडलं त्याने. दारापर्यंत. चॉकलेट दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्यांबरोबर बैठक होती. त्यांनी पुढे काय मांडलं ते मी नीट वाचलंसुद्धा नाही. मला फक्त युती हवी होती." मग म्हणाले, "परवापर्यंत गप्प राहा. एकदा तुमच्या भावाने अर्ज मागे घेतला, की नंतर हवं तर मला फाशी द्या."

मला त्यांचा राग यायला हवा. येतोही. पण शुक्रवारी गेटवर मी जे केलं ते ह्याहून फार वेगळं होतं असं मला म्हणता येत नाही. त्यांना कुणीतरी घाबरवलं, त्यांनी युती केली. मला काकांच्या बुटांनी घाबरवलं, मी गेटला घाबरवलं. गेटने तुला. हातोहात भीती पोचली आणि वाटेत कुणीही थांबून विचारलं नाही की तिच्यापायी आपल्या हातून काय सुटतंय. गंमत अशी की शिस्तवाल्यांनी अजून एक मतसुद्धा मिळवलेलं नाही.

तुला लिहिलं नसतं तरी चाललं असतं. कडी लावून उद्या दुपारपर्यंत घरात बसले असते, तर तू अर्ज मागे घेतला असतास, मतं फुटली नसती, आणि आपण कदाचित जिंकलो असतो. मी कालपासून हाच हिशोब मांडते आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं, गप्प राहा. आणि प्रत्येक वेळी मला भोंगाचा तो आवाज ऐकू येतो, हळू. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आवाज न चढवता काहीतरी विचारलं, आणि मी त्याला खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं, हे त्याला सांगून काय उपयोग?

आता मी तुझ्याकडे काही मागत नाही. तू अर्ज मागे घेतलास तर डोळे उघडे ठेवून घे. वर्कशॉप जातंय आणि ते परत येणार नाही. राहिलास तर मी तुझ्या विरोधात मतं मागीन, हे आत्ताच सांगते, मागाहून वाईटपणा नको. शिस्तवाला नको असेल तर युती लागते, असं मला अजूनही वाटतं. सचिवांनी ती जशी केली तशी नको. आतून भांडून ती सोय परत मिळवायची, ह्याच्यापुढे माझं डोकं चालत नाही. तुझं चालत असेल तर सांग. दोन वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस की ताई, तुझं काय चुकतं असं तुला वाटतं. मीही तुला विचारलं नाही. आईचं मत कुणाला, ते ती सांगत नाही. म्हणते, "पेटीत टाकीपर्यंत माझं आहे."

गेटवर मी स्वतः जाऊन सांगणार. उद्या दुपारी, पाळी बदलताना. सचिवांना सांगितलं आहे. ते म्हणाले, समितीने परवानगी दिलेली नाही. मी म्हटलं, "हरलेल्याने सांगायचं, हा नियम आहे. मी अजून हरलेलीच आहे. पहिल्यांदा चुकीचं सांगितलं, आता बरोबर सांगते."  पायरीवरून उठायला त्यांनी माझाच हात धरला.

अजून एक. हे लिहू की नको, असं करत दोन कागद फाडून झाले.

करड्या जाकिटातला माणूस आज दवाखान्यात आला. तुझी बायको यायच्या आधी. खुर्चीत बसला, तोंड उघडलं. भावोजींनी आरसा घेऊन सगळे दात तपासले. एकही किडलेला नाही. भावोजी म्हणाले, "दात उत्तम आहेत तुमचे." तो उठला, कॉलर नीट केली, पैसे द्यायला लागला, भावोजींनी घेतले नाहीत. दारात वळून म्हणाला, "मॅडम वरच राहतात ना? छान बोलतात. आता परत कधी बोलणार आहेत?"

भावोजी मला सांगणार नव्हते. पण तुझ्या बायकोच्या दाढेवर टोपी बसवताना त्यांचा हात चुकला आणि सिमेंट तिच्या ओठावर सांडलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, "भावोजी, मी नंतर येऊ का?" तेव्हा ते खाली बसले आणि बोलले. मी जिन्यात उभी होते. आई वरून ओरडली, "धीर झाला का त्याला शेवटी?" आम्हा तिघांना हसू आलं, आणि मग आम्ही तिघेही एकमेकांकडे बघेनासे झालो.

टोपी बसली आहे. आज त्या बाजूने कडक काही चावू देऊ नकोस तिला. चावताना उंच लागत असेल तर पुन्हा यावं लागेल. नसेल तर आपलं टपाल आज बंद होतंय.

उद्या एक वाजता पाळी बदलते, तेव्हा मी गेटवर असेन. कंडक्टरबाईंनी स्टूल आणून ठेवायचं कबूल केलं आहे. तीन वाजता निवडणूक कचेरीची खिडकी बंद होते. मधल्या वेळात काय करायचं ते तुझं तू ठरवशील आणि त्याबद्दल मी तुला पुन्हा कधी बोलणार नाही.

फक्त शुक्रवारी उभा राहिलास तिथे, टायरांजवळ, राहू नकोस. पुढे ये. स्टुलाच्या शेजारी, रस्त्याच्या बाजूला. पक्षासाठी नाही, मतांसाठी नाही. चार पत्रांत मी जे लिहिलं नाही ते आता लिहिते, इस्क्रू. मला फार भीती वाटते.

— ताई